घरची पांढरी कार्डं

सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, नारळ आणि खण एवढं ताटात असलं की आजवर या घराण्यातली लग्नं बिनघोर ठरत आली होती. डॉक्टर उज्वलाबाईंनी त्यात दोन कार्डांची भर घातली. एक पिवळं, सत्यमचं. ते ताटात होतंच. दुसरं पांढरं, साक्षीचं. ते मुलीकडच्यांनी आणायचं होतं. सुपारी फुटायच्या आधी मुलानं आपलं कार्ड मुलीच्या हातात द्यायचं, मुलीनं मुलाच्या, आणि मग टाळ्या. अहमदपूरच्या त्या मंगल कार्यालयात सकाळपासून या प्रसंगाची तीनदा तालीम झाली होती, कारण बाईंच्या कामावर फिल्म काढायला पुण्याहून आलेल्या कॅमेरावाल्याला उजेड पसंत पडत नव्हता.

लग्न घरातलंच होतं. सत्यम हा उज्वलाबाईंचा मुलगा आणि साक्षी ही त्यांच्या थोरल्या भावाची, शेषेरावांची मुलगी. मामाची पोरगी भाच्याला द्यायची, हे इकडं कुणाला पटवावं लागत नाही. पटवावं लागत होतं ते पुण्या-दिल्लीच्या लोकांना. आनुवंशिक आजार रोखण्यात सगळी नोकरी घालवलेल्या बाईनं स्वतःच्या घरात हे कसं चालवून घेतलं, असं तिकडं कुणीतरी विचारलं होतं म्हणे. आजचा थाट हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. उत्तर साध्या शब्दांत देणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांना मांडव लागत असे.

चौतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी एक गोष्ट फार हुशारीनं सांभाळली होती. नात्यात लग्न करू नका, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. 'नातं जोडा, पण रक्त तपासा,' एवढंच म्हणाल्या. ज्या पुढाऱ्यांच्या बायका त्यांच्याच मामाच्या मुली होत्या, त्यांनी मोकळ्या मनानं टाळ्या वाजवल्या आणि योजना मंजूर केली. थॅलेसेमियाचा दोष रक्तात दडलेला असला, पण माणूस धडधाकट, तर तो वाहक. त्याला पिवळं कार्ड. ज्याच्यात काहीच नाही त्याला पांढरं. पिवळ्यानं पांढऱ्याशी खुशाल लग्न करावं. दोन पिवळ्यांनी मात्र करू नये, कारण दर बाळंतपणात चारात एक वेळ असं लेकरू जन्मतं, ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगावं लागतं. इतकं सोपं. बाई सहसंचालक होऊन निवृत्त झाल्या, दिल्लीच्या समितीवर गेल्या, आणि तिथल्या धोरणाच्या मसुद्यात 'शंभर टक्के तपासणी झालेलं पहिलं गाव' म्हणून चाकूर तालुक्यातलं आपलं माहेर घालून आल्या.

कार्यालयाच्या दारातच पाहुण्यांसाठी मोफत तपासणीचं टेबल मांडलं होतं. शिवानी नावाची लॅबवाली पोरगी जांभळ्या टोपणाच्या नळ्या ओळीनं लावून बसली होती. अकरा वाजून गेले तरी तिच्याकडं एकही दंड पुढं आला नव्हता. पाहुणे टेबलाला लांबूनच वळसा घालून उपम्याकडं जात होते.

"सुपारीला आलाव का दवाखान्यात?" एक जण म्हणाला.

"आमचं तपासून घेतलंय बरं का," शेषेराव फेटा सावरत म्हणाले. "पांढरं! आमच्या वंशात खोट न्हाई. जे काय आलं ते हिच्या माहेरचं, देवणीचं. देवणीचं जनावर आणावं बापा, सून आणू नये."

देवणीची गुरं नावाजलेली, म्हणून पाहुणे हसले. शेषेरावांचं पांढरं कार्ड बारा वर्षं त्यांच्या खिशातल्या पाकिटात होतं आणि हा विनोदही तेवढाच जुना होता. गावातल्या शेंबड्या पोरालाही तो पाठ होता.

साक्षीच्या आईनं, तारामतीनं तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. याचा तिला सराव होता. ती हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आत आली आणि मंचाकडं पाहून जागीच थांबली. मागच्या पडद्यावर तिचा गेलेला लेक आदिनाथ होता. सहा फुटी. लातूरच्या स्टुडिओत काढलेला, केसांना तेल लावून भांग पाडलेला, सातव्या वर्षीचा शेवटचा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'याच्यासाठी.'

"वन्सं," ती म्हणाली. "हे काय लावलंय?"

"छान आलाय ना?" उज्वलाबाई कॅमेरावाल्याला खुर्च्या दाखवत होत्या. "जुन्या फोटोचा एवढा मोठा करताना फाटतो म्हणे, पण यांनी बरोबर जमवलं."

"लेकराच्या फोटोखाली सुपारी फोडायची का? मला इचारायचं तरी."

"वहिनी, त्याच्यामुळंच तर हे सगळं उभं राहिलं. आदिनाथ या कार्यक्रमाची प्रेरणा आहे."

प्रेरणा! दर एकवीस दिवसांनी एसटीनं लातूर, दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्रभर, रक्ताची बाटली मिळाली तर मिळाली. सात वर्षं. त्या सात वर्षांत उज्वलाबाई चारदा आल्या होत्या, त्यातल्या दोनदा दिवाळीला. भाषणात मात्र त्या 'माझा भाचा माझ्या मांडीवर गेला' असं सांगत. गेला तो तारामतीच्या मांडीवर, अहमदपूरच्या स्टँडवर, लातूरची गाडी लागायच्या आधी. त्या वेळी बाई पुण्याला प्रशिक्षणात होत्या.

"त्याचं नाव घेऊन तुम्ही परदेश हिंडून आलाव," तारामती म्हणाली. "आन् मला भावाच्या घरी सणाला जायाची चोरी झाली. हे बघाव तवा देवणी, देवणी करतेत. आत्ताबी दारात करायलेत."

"दादाचं काय मनावर घेता, वहिनी? त्याचा स्वभावच तसा." बाईंनी घड्याळ पाहिलं. "घरची कार्डं आणलीत ना? अकराच्या अकरा? साक्षीला द्या, ती बोर्डावर लावेल. 'आमच्या घराची कार्डं' असा एक शॉट घ्यायचाय."

तारामतीनं पिशवी लेकीकडं दिली. आत काय लिहिलंय ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. शेषेरावांचं सोडून बाकीची कार्डं बारा वर्षं त्यांच्या कपाटात होती आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला.

साक्षी नवरीच्या खोलीत एकटीच बसून बोर्डावर कार्डं टाचायला लागली. पैठणी सावरत, बांगड्या मागं सारत. ती अहमदपूरच्याच शाळेत गणित शिकवायची, त्यामुळं तिची नजर आपोआप आकड्यांवर जात असे. ज्या टक्केवारीवरून कार्डाचा रंग ठरतो, ती प्रत्येकावर लिहिलेली होती. काकाचं २.७. काकूचं २.७. तिन्ही चुलतभावांचं २.७. दहाही कार्डांवर एकच आकडा, एकाच शाईत, एकाच हातानं लिहिलेला. वर्गात दहा पोरांचं उत्तर असं जुळलं असतं तर तिनं दहांनाही उभं केलं असतं.

तिला खरं म्हणजे आश्चर्य वाटायला नको होतं. गावाची तपासणी झाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि सुईला घाबरायची. उपकेंद्राच्या मलप्पाकाकांनी तिच्या दंडावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली, फोटो काढला आणि म्हणाले, 'झालं, जा खेळायला.' ती खूश होऊन पळाली. नंतर कधीतरी, शाळेत वगैरे, रक्त घेतलं असेल अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. गेल्या महिन्यात सत्यमनं फोनवर सांगितलं, 'माझं पिवळं आहे गं, आईकडून आलेलं. पण तुझं पांढरं आहे ना, मग काय टेन्शन!' तेव्हापासून ती समजूत तिनं आणखी घट्ट धरली होती. सत्यम तिला आवडत होता. आवडत्या माणसासाठी गणिताची बाईसुद्धा हातचा विसरते.

मग तिनं पिशवीतलं शेवटचं कार्ड काढलं. तारामती शेषेराव. पांढरं. २.७. सामान्य.

साक्षी ते हातात धरून बसली. ज्या बाईच्या पोटी थॅलेसेमियाचं लेकरू जन्मलं, तिचं कार्ड पांढरं कसं असेल? मग यातलं कुठलंच कार्ड खरं नव्हतं. तिचंही नव्हतं. तिनं दारातून मलप्पाला हाक मारली.

मलप्पा आला. गावच्या उपकेंद्राचा निवृत्त आरोग्यसेवक. आज 'शंभर टक्के गावाचे शिल्पकार' म्हणून त्याचा शाल देऊन सत्कार होता, त्यामुळं इस्त्रीचं धोतर आणि नवी टोपी.

"मलप्पाकाका, आमच्या घरचं रक्त कधी घेतलंत?"

मलप्पा हसला. त्याला थट्टा वाटली. "तुमच्या घरचं? आगं माय, बाईसाहेबांच्या घरच्यांला सुई टोचायची? हात धजंल का माझा?"

"म्हणजे घेतलंच नाही?"

"तांडा केला, बौद्धवाडा केला, अख्खी गल्ली केली. एकालाबी सोडलं न्हाई. उसात पळालेल्यांला धरून आणून टोचलं." त्याचा ऊर भरून आला होता. "सातशे चौदा माणसं, कुणी बोट दावंल का? पण मोठं घर ते मोठं घर. शेषेरावमालकच म्हणले, मलप्पा, आमचं लिहून टाक. टाकलं."

"आणि आकडा?"

"हेडमास्तराच्या कार्डावरनं घेतला. लई चांगला आकडा होता तेचा." साक्षीचा चेहरा पाहून तो गोंधळला. "कामून गं? चांगलंच लिहिलं की समद्यांचं. वाईट लिहिलं का?"

गावातल्या गरिबाचं कार्ड खरं होतं आणि डॉक्टरीणबाईंच्या घरचं खोटं. सन्मान म्हणून. साक्षीला हसावं की रडावं कळेना. तिनं मलप्पाला म्हटलं, "आत्याला बोलावून आणा. म्हणावं, आत्ताच या."

उज्वलाबाई आल्या त्या तोंडानं 'अगं, वेळ नाहीये' म्हणतच आल्या. साक्षीनं आईचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि मलप्पानं सांगितलेलं दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी कार्डाकडं एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा पाहायची गरज नव्हती. खाली त्यांचीच छापील सही होती.

बारा वर्षांत हे कार्ड त्यांनी एकदाही मागितलं नव्हतं, आणि दादाच्या पांढऱ्या कार्डाचा विनोद कानाआड केला होता. दादा-वहिनींचं काय बघायचं, ते दोघंही वाहक असणार हे पुस्तकातच लिहिलेलं होतं. आणि साक्षीचं पांढरं आहे असं ऐकलं तेव्हा त्यांनी देवाचे आभार मानले होते. अशा आईबापांच्या धडधाकट मुलीला पांढरं मिळायची शक्यता तिनात एक. ही आकडेवारी त्यांनी शेकडो तरुण डॉक्टरांना शिकवली होती. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्यांनी फेरतपासणी लावली असती. पण पोराचं मन होतं, फिल्मचं ठरलं होतं, आणि नशिबानं दिलेलं दान उलटून पाहू नये असं त्यांनाही वाटलं. विज्ञानावर हयात काढलेल्या बाईला नेमकं तेव्हाच नशीब आठवलं.

त्यांनी मलप्पाला बाहेर घालवलं आणि दार लोटलं.

"साक्षी, घाबरू नकोस. उद्या नांदेडला आमच्याकडं ये. मी स्वतः नमुना घेते, कुणाला कळणार नाही. आज सुपारी होऊ दे."

"आणि पिवळं निघालं तर?"

"तर उपाय आहेत. दिवस गेले की अकराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. विज्ञान आता आदिनाथच्या काळातलं राहिलं नाही."

"म्हणजे दर वेळेला अकरा आठवडे जीव मुठीत धरून बसायचं, आणि वाईट निघालं तर पाडायचं. दर वेळेला."

"चारात एकदाच, साक्षी."

"मी गणित शिकवते, आत्या. चारात एक म्हणजे पहिल्यालाबी होऊ शकतं आणि दुसऱ्यालाबी." तिचा आवाज चढला. "हे मंचावर सांगता का तुम्ही? कार्ड खोटं असलं तरी आधी सुपारी फोडा, रक्त मग बघू?"

दार उघडून सत्यम आणि शेषेराव आत आले. सत्यम पुण्याच्या कंपनीत लोकांचे प्रश्न सोडवायच्या कामावर होता, पण घरातल्या प्रश्नाला त्याच्याकडं एकच उत्तर असे. काय झालं ते ऐकून त्यानं आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग बोलला.

"आई म्हणते ते बरोबर आहे, साक्षी. चारशे लोक बसलेत बाहेर. आज थांबवून काय मिळणार?"

"तुला काय वाटतं, सत्यम? आईला नाही विचारलं."

"मला... म्हणजे आई यातली एक्स्पर्ट आहे."

शेषेराव खुर्चीत बसले. त्यांना यात विशेष काही वाटलं नव्हतं. "अरं त्यात काय एवढं! मीच म्हणलो होतो मलप्पाला. आपल्या घरचं रक्त चावडीवर काढायचं का, ऱ्यांगेत हुबं राहून? इज्जत हाय का न्हाई? आन् माझं तर पांढरंच निघालं असतं."

"माझं कोणतं हाय?"

तारामती दारात उभी होती. ती कधीची उभी होती कुणास ठाऊक.

"साक्षे, माझं कार्ड कोणत्या रंगाचं हाय?"

"पांढरं, आई."

"पांढरं म्हंजी?"

"म्हणजे दोष नाही."

तारामती आत आली. तिनं लेकीच्या हातातलं कार्ड घेऊन ते उलटसुलट पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, स्वतःचं नाव वाचायला तिला वेळ लागला नाही. "ह्येंचं पांढरं. माझं पांढरं. मग माझं लेकरू कशानं गेलं?"

"हे मलप्पाचं चुकलं," शेषेराव म्हणाले. "गाढव हाय ते. तुझं तरी पिवळं लिहायला पायजे होतं."

तारामतीनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. ती नणंदेकडं वळली. "वन्सं, तुम्ही शिकल्या-सवरल्या. एकाचं रक्त खराब असलं की असं लेकरू होतं का?"

बाहेरून कॅमेरावाल्याचा आवाज आला, "मॅडम, रेडी आहोत. मुहूर्त बारा-दहाचा आहे ना?"

"आलेच," उज्वलाबाई म्हणाल्या. त्यांनी साडीची घडी नीट केली, कार्डांचा बोर्ड भिंतीकडं उलटा करून ठेवला आणि वहिनीच्या प्रश्नाला वळसा घालून त्या निघून गेल्या. पाहुणे दारातल्या टेबलाला घालत होते तसाच.

मंचावर चढेपर्यंत बाईंचं ठरलं होतं. पडलं तरी नाक वर, ही तर या घराची जुनी खोड. त्यांनी माईक हातात घेतला आणि गळ्याला तो सुप्रसिद्ध ओलावा आणला.

"मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत नसलेली एक गोष्ट आज आम्ही करणार आहोत. जुन्या कार्डांवर विसंबायचं नाही, लग्नाआधी पुन्हा एकदा खात्री करायची, असं आमच्या दोन्ही घरांनी ठरवलंय. नवरीच्या रक्ताचा नमुना आम्ही तुमच्या साक्षीनं, इथं मंचावर घेणार आहोत. ही फेरतपासणीची पद्धत उद्या देशाच्या धोरणात जाईल, आणि तिची सुरुवात अहमदपुरातून झाली असेल. आणि शुभकार्य आपण अडवणार नाही. सुपारी मुहूर्तावरच फुटेल."

टाळ्या पडल्या. बाईंचे यजमान आप्पासाहेब हार घेऊन पायरीवर उभे होते. तेही सवयीनं टाळ्या वाजवू लागले आणि हार खाली पडला. कॅमेरावाला खूश होऊन पुढं सरकला. शिवानीला नळ्यांसकट वर बोलावलं. सकाळपासून पहिलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून ती लगबगीनं आली. साक्षीला खुर्चीत बसवलं. शेजारच्या खुर्चीत सत्यम, मांडीवर पिवळं कार्ड, चेहऱ्यावर आईनं सांगितलेलं हसू.

साक्षीनं पैठणीचा काठ वर सारला. शिवानीनं दंडाला पट्टा बांधला. आणि पहिल्या रांगेत मानाच्या सोफ्यावर बसलेली तारामती उठून पायऱ्या चढायला लागली. तिचं काम ओटी भरायच्या वेळचं होतं. अजून तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"वहिनी, नंतर," उज्वलाबाई माईकवर हात ठेवून पुटपुटल्या.

"नंतर न्हाई." तिला माईकची गरज पडली नाही. शेतात या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा आवाज होता तो. "वन्सं, खोलीत एक इचारलं होतं. तुम्ही गेलाव निघून. आता लोकांपुढं सांगा. माझ्या आदिनाथाचं दुखणं कुणाकडनं आलं?"

उपम्याच्या टेबलाकडचेही वळून पाहायला लागले.

"वहिनी, ही वेळ नाही."

"फोटो लावायची हीच वेळ हाय, आन् बोलायची न्हाई का? कुणाकडनं आलं, सांगा. माझ्या माहेराकडनं?"

बाईंनी मागं पाहिलं. मागं आदिनाथ होता. पुढं पाहिलं तर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. खोटं बोलायला त्या तयार होत्या. एवढ्या वर्षांच्या सवयीनं त्यांना ते जड गेलं नसतं. पण आनुवंशिकतेबद्दल, कॅमेऱ्यासमोर, धादांत खोटं त्यांना बोलता येईना. इतकी लाज त्यांच्यात शिल्लक होती.

"दोघांकडून," त्या म्हणाल्या. "आई आणि बाप, दोघंही वाहक असल्याशिवाय असं मूल होत नाही."

"दोघं म्हंजी हेबी?"

"दादाही."

"शंभर टक्के?"

"हो."

शेषेराव उभे राहिले. फेटा डोक्यावर होता, पण माणूस खाली बसल्यासारखा दिसत होता. "उजे, काय बोलायलीस? माझं कार्ड—"

"तुझं कार्ड खोटं आहे, दादा. तूच लिहून घेतलंस ना?"

पाहुण्यांत कुणीतरी फिसकन हसलं. देवणीच्या विनोदाला बारा वर्षं हसलेल्यांतलाच कुणीतरी असणार. आमच्याकडं लोक कुणाच्याही बाजूनं हसतात, फक्त पडणारा बदलावा लागतो.

"कधीपासनं ठावं हाय तुम्हाला?" तारामतीनं विचारलं.

बाईंनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"वन्सं, कधीपासनं?"

"त्याचं निदान झालं तेव्हापासून. नव्वद साली. मी इंटर्न होते."

"पस्तीस वरसं!" तारामती म्हणाली. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. "गावोगाव माईकवर सांगत हिंडलाव, आई आन् बाप, आई आन् बाप. माझ्या घरात न्हाई सांगितलं. सासू मरंपर्यंत मला म्हणायची, तुझ्या नासक्या रक्तानं नातू खाल्ला. तुम्ही तिथंच बसून भाकर खात होताव. भावाला वाईट वाटंल म्हणून? का भावाकडचं येणं-जाणं तुटंल म्हणून?"

"दादाला कळलं नसतं, वहिनी. त्याला समजावणं—"

"अख्ख्या जगाला समजलं, ह्या एकाला समजलं नसतं!"

शेषेरावांनी पहिल्यांदाच बायकोकडं पाहिलं, पण तिनं या वेळीही त्यांच्याकडं पाहिलं नाही. सत्यम खुर्चीतून अर्धवट उठला होता आणि आई काय म्हणते याची वाट पाहत होता. खाली मलप्पा शाल मांडीवर घेऊन बसला होता. आपल्या हातून एवढं काय वाईट घडलं ते त्याला अजूनही उमगत नव्हतं.

"कट," कॅमेरावाला हळूच म्हणाला. त्याला फिल्मची काळजी होती.

उज्वलाबाईंनी स्वतःला सावरलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी यापेक्षा मोठी गर्दी शांत केली होती. "ठीक आहे. झालं ते झालं. घरातल्या गोष्टी आपण घरात बोलू. शिवानी, नमुना घे. आप्पासाहेब, सुपाऱ्या आणा."

"रक्त देते मी, आत्या," साक्षी म्हणाली. तिनं दंड खुर्चीच्या हातावर सरळ ठेवला. "ते मला पाहिजे. माझं काय आहे ते मला कळलं पाहिजे. पण सुपारी नाही फुटणार."

"अगं, रिपोर्ट तरी येऊ दे. पांढरा आला तर काही प्रश्नच राहत नाही."

"पांढरा आला तरी नाही."

"साक्षी..." सत्यम म्हणाला.

"तुझ्या रक्ताचं मला भ्या नाही, सत्यम. पिवळ्याचंबी नाही." तिचे डोळे भरले होते, पण ती आत्याकडंच पाहत होती. "माझ्या आईला काय भोगावं लागलं ते ह्यांना पस्तीस वर्षं माहीत होतं, आणि ह्या गप्प बसल्या. आत्ता घटकाभरापूर्वी माझं कार्ड खोटं आहे हे कळलं, तरी म्हणाल्या, सुपारी होऊ दे. उद्या तुमच्या घरात माझ्या लेकराचं काही निघालं, तर ते मला कोण सांगणार?"

शिवानी सुई हातात धरून तशीच उभी होती आणि परवानगीसाठी मोठ्या मॅडमच्या तोंडाकडं पाहत होती.

"तिकडं काय बघतीस?" तारामती म्हणाली. "टोच."